फूटपाथवरच्या कुत्र्याचा उपचार आणि त्याच्या माणसाची तब्येत

“स्वतःच्या खाण्याची पंचाईत, आणि वर कुत्रं पाळतात!” रस्त्यावर राहणाऱ्यांबद्दलचं हे वाक्य मी दवाखान्यात अनेकदा ऐकतो. बोलणारे वाईट नसतात. पण डॉक्टर म्हणून मला याची दुसरी बाजू दिसते, ती आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी उड्डाणपुलाखाली राहणारे एक काका आले. जुना मधुमेह, पायाला चिघळलेली जखम, नडगीपर्यंत लाली आणि ताप. अशा वेळी नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर पाय गमवायची वेळ येऊ शकते. मी सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. काकांनी ती हातात घेतलीच नाही. “डॉक्टर, मी आत गेलो तर हिला कोण बघणार?” दाराबाहेर त्यांची कुत्री बसली होती. लूत लागून अंगावरचे केस झडलेले, खाजवून कातडी सोललेली.

उपचार मोफत होते, त्यामुळे अडचण पैशांची नव्हती. मी ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन केला. ते संध्याकाळी पुलाखाली गेले, लुतीचं आणि जंताचं औषध दिलं, रेबीजची लस टोचली, पैसे घेतले नाहीत. मग शेजारच्या चहावाल्याने तिला दोन वेळ खायला घालायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी काका भरती झाले. पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला.

लोक विचारतात, कुत्र्यामागे एवढा खटाटोप कशाला? कारणं साधी आहेत. लुतीचे किडे माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाहीत, पण खाज मात्र देतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो. म्हणजे फूटपाथवरच्या कुत्रीला दिलेली लस तिथून जाणाऱ्या तुमच्या मुलांचंही रक्षण करते. आणि ज्याला कुणी नाही, त्याच्यासाठी ते कुत्रं म्हणजे रात्रीची राखण आणि जिवाभावाची सोबत असते.

हे ओळखून काही ठिकाणी पद्धतशीर काम चालतं. २०१६ मध्ये लंडनमध्ये दोन पशुवैद्यांनी ‘स्ट्रीटव्हेट’ सुरू केलं. तिथले स्वयंसेवक औषधांची पिशवी पाठीला लावून बेघरांपर्यंत चालत जातात आणि त्यांच्या प्राण्यांवर मोफत उपचार करतात. कॅनडात ओटावा इथे २००३ पासून सुरू असलेल्या ‘कम्युनिटी व्हेटरिनरी आउटरीच’ने प्राण्यांच्या तपासणीला माणसांच्या आरोग्यसेवेची जोड दिली. स्वतःसाठी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस कुत्र्यासाठी येतो, आणि आला की त्याच्याशीही बोलता येतं.

आपल्याकडे प्राण्यांचे दवाखाने नाहीत असं नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण आजारी कुत्र्याला बसमध्ये किंवा रिक्षात कोण घेणार? आणि मागे राहिलेल्या पथारीवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून दवाखान्यानेच तिथवर जाणं गरजेचं आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. अशा कुत्र्याच्या लसीचा, औषधाचा किंवा रिक्षाचा खर्च उचला.
२. मालक भरती होणार असेल, तर तेवढे दिवस त्याच्या प्राण्याच्या खाण्याची सोय बघा.
३. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

आता रस्त्यावर राहणारा रुग्ण भरती व्हायला नाही म्हणाला, की मी आधी विचारतो, “मागे कोण आहे?” बऱ्याचदा खरं कारण त्या उत्तरात सापडतं.