अण्णाचं नाणं

माझा थोरला भाऊ अण्णा नोकरीसाठी जर्मनीत होता. १९८१ साली सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला चांदीचं एक जुनं नाणं दिलं. हातात झाड घेतलेला दाढीवाला उघडा पुरुष, कडेने लॅटिन अक्षरं, आणि त्यांच्यात एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन बारीक आकडे. अण्णा म्हणाला, "ही किमयागारांची खूण. हेस-डार्मस्टाटच्या एर्न्स्ट लुडविगने १७१७ मध्ये शिशाच्या केलेल्या चांदीची नाणी पाडली, त्यातलं हे."

झालं! सत्तावीस वर्षं इतिहासाच्या तासाला मी हे नाणं वर्गात फिरवलं आणि ही गोष्ट रंगवून सांगितली. मुलं डोळे विस्फारून ऐकायची.

अण्णा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली होती, तिला दाखवायला नाणं काढलं. ती म्हणाली, "आत्या, हा तर हार्झ डोंगरातला रानमाणूस! तिथल्या चांदीच्या खाणींचा." ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गच्या ड्यूकांनी हा रानमाणूस पिढ्यान्‌पिढ्या आपल्या थालेरांवर छापला. मग भिंग आणलं. पुसट झालेलं साल लागलं १६४१. म्हणजे त्या किमयेच्या आधी शहात्तर वर्षं! साल नाण्यावरच होतं हो, आणि मी इतिहासाची बाई.

किमयागार चांदीसाठी चंद्रकोर काढत, शिशासाठी शनीचं चिन्ह. हेही मीच वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. नाण्यावर दोन्हीही नाहीत. मग ते आकडे कसले?

ते सांगितलं आमच्या पेठेतल्या सोनाराने. माझाच विद्यार्थी. त्याने आधी वजन केलं : २८.९ ग्रॅम, जुने जवळजवळ अडीच तोळे. जर्मन राइशथालेर पुरता २९.२३ ग्रॅमचा असे, तेव्हा थोडी झीज धरली तर बरोबर बसतं. मग भिंगातून पाहत म्हणाला, "बाई, हे तर कामाचे आकडे दिसतात. मुशीतली चांदी ओतल्यावर पट्टी धरायला असलं काही लागतंच." आणि खरंच! टांकसाळीत चांदीच्या कांबी हाताळायचे ते आकडे, जर्मनमध्ये त्सायनहाकन. टांकसाळीचे मुख्य आपली खूण म्हणून ते नाण्यावर घालत.

अण्णाला कुणी फसवलं, की त्याने मला गंमत केली, आता विचारायला तो नाही.

सोनाराला मात्र मी सांगून टाकलं, की शिशाची चांदी वगैरे तुला चुकीचं शिकवलं रे. तो हसला. म्हणाला, "बाई, ती गोष्ट ऐकून मी घरी आमच्या वडिलांच्या मुशीत शिसं टाकलं होतं. काय मार खाल्ला!"

हे त्याने मला आजवर सांगितलं नव्हतं.