काचपट्टी

स्लाइडशी माझी ओळख शाळेतली. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब आणि भिंगाखाली दाटीने बसलेल्या पेशी. तीन इंच लांब, एक इंच रुंद अशी ती काच पुढे माझं पोट भरणार होती.

डीएमएलटीला, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला, सरांनी आधी हात घडवला. रक्ताच्या थेंबाला दुसरी स्लाइड ४५ अंशांत टेकवायची आणि एका ओढीत पुढे न्यायची. हात अडखळला की स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, बिघडलाच. टोकाला तो जिभेसारखा निमुळता उतरायला हवा.

नोकरी लागली गडचिरोली जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. पावसाळा लागला की गावोगावच्या आशाताई आणि आरोग्यसेवकांकडून हिवतापाच्या तपासणीसाठी स्लाइडचे गठ्ठे येत. एकाच काचेवर जाड आणि पातळ असे दोन स्मिअर, पातळावर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. जेएसबी रंगाने स्टेन करायचा, वाळवायचा, तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स त्यात उतरवायची. जाड स्मिअरमधल्या लाल पेशी पाण्याने फुटून जातात, परजीवी तेवढे उरतात. म्हणून शोध तिथे. परजीवीची जात ठरवायची पातळावर. व्हायवॅक्स निघाला तर यकृतात दडलेल्या परजीवींसाठी १४ दिवस प्रायमाक्विन. फॅल्सिपॅरम निघाला की धावपळ, कारण तो मेंदूवर जाऊ शकतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरात हिवतापाचा माग लागला. त्याआधी चिरलेल्या कितीतरी डासांत त्याला काहीच सापडलं नव्हतं. मला जवळचे वाटतात ते हे रिकामे डास. आमचे बहुतेक रिपोर्ट तसेच असतात. ‘परजीवी आढळले नाहीत’ असं लिहिण्याआधी जाड स्मिअरची किमान शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, पाहावी लागतात. पोर तापाने फणफणलेलं असतं, आई खिडकीशी येऊन विचारते, “का निघालं जी?” तरी ऐंशीव्या फील्डवर उठता येत नाही. असलेला परजीवी दिसला की काम झालं. नसल्याची ग्वाही मात्र आपल्याला द्यायची असते.

आता रॅपिड किट आलं. गावातच रेषा उमटते, औषध लगेच सुरू होतं, जीव वाचतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण फॅल्सिपॅरमच्या किटवर रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रेषा येत राहते. रक्त खरंच स्वच्छ झालं का, हे पाहायला स्लाइडच लागते.

म्हणून नव्या मुलामुलींना मी आधी निगेटिव्ह स्लाइड वाचायला देतो. परजीवी ओळखायला पुस्तकही शिकवतं. शेवटचं फील्ड पहिल्याइतक्याच लक्षाने पाहायची सवय ज्याला लागली, त्याच्या सहीवर डॉक्टरने निर्धास्त विसंबावं.