बोटाला नव्हतं

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात आंघोळ करताना खाली, अगदी नाजूक जागी, हाताला बारीक दाणे लागले. घामोळं समजून पावडर लावली. पंधरा दिवसांत दाणे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे फुलले. मेडिकलमध्ये चामखिळीचं औषध मागितलं. “कुठं लावायचंय?” या प्रश्नावर मी “बोटाला” म्हणाले. बाटली पर्समध्ये टाकली, पण लावायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी तपासून “एचपीव्ही” म्हटलं. मला ‘एचआयव्ही’ ऐकू आलं. “तो रिपोर्ट तर निगेटिव्ह होता!” म्हणत मी रडू लागले. त्यांनी कागदावर पूर्ण नाव लिहिलं : ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. मी त्याचं मराठी केलं, माणसाच्या चामखिळीचा विषाणू. याचे २०० हून जास्त प्रकार. असल्या चामखिळी बहुतेक ६ आणि ११ नंबरच्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८. मग मी बाटली दाखवली. त्यात पोडोफायलिन होतं. ते गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं. बाटली त्यांनी ठेवूनच घेतली. त्याऐवजी दवाखान्यातच ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड काडीनं लावलं. चामखीळ पांढरी पडली, मी दातओठ आवळले.

त्या रात्री नवऱ्याला नको ते विचारलं. तो काहीच बोलला नाही. पुढच्या खेपेला मात्र सोबत आला. डॉक्टर म्हणाल्या, हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कधी, कुणाकडून आला हे सांगता येत नाही. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते, म्हणून तो आता वर आला. परतताना स्कूटरवर मी त्याच्या पाठीला डोकं टेकलं. माफी मागायला शब्द सुचले नाहीत.

मला सिझरच हवं होतं. बाळाच्या घशात क्वचित अशा गाठी होतात, असं ऐकलं होतं. पण त्या फार विरळा, आणि सिझरनं त्या टळतीलच असं नाही. चामखिळींनी वाट अडली किंवा फार रक्तस्राव होण्याचा धोका असला, तरच सिझर. मग लस मागितली. “गरोदरपणात नाही, बाळंतपणानंतर पाहू,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि झालेला संसर्ग लसीनं बरा होत नाही. ती आधी घ्यायची असते, ९ ते १४ व्या वर्षी.”

जाऊबाईंची मुलगी अकरा वर्षांची. रात्रीच फोन केला. “वहिनी, छकुलीला ही लस द्या.”

“तुला कसं गं एवढं ठाऊक?”

“बोटाला” म्हणावंसं वाटलं. मग जिथं होतं तिथलंच सांगितलं.