अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला नेताना गाडी कोणती घ्यावी?

"डॉक्टर, बाबांना उद्या संभाजीनगरला न्यायचंय. जीप सांगू की अँब्युलन्स?" वैजापुरात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यावर मी उलट विचारतो, "बाबा दोन तास टेकून बसू शकतात का?"

आपण गाडी ठरवताना भाडे आणि वेग पाहतो. खरे तर रुग्णाला वाटेत काय लागेल, ते आधी पाहायला हवे. समृद्धी महामार्गाने गेलात, तरी वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे खड्डे चुकत नाहीत.

कोणाला कोणती गाडी?

- रुग्ण शुद्धीवर आहे, टेकून बसतो, ऑक्सिजन लागत नाही: घरची चारचाकी चालेल. पुढची सीट मागे कलती करून, पट्टा लावून बसवा.
- बसता येत नाही, पण प्रकृती स्थिर आहे: स्ट्रेचरची साधी रुग्णवाहिका घ्या. खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा पाठीला जखमा झालेल्या रुग्णाला मागच्या सीटवर पाय दुमडून झोपवू नका. त्याने वेदना आणि इजा दोन्ही वाढतात.
- ऑक्सिजन लागतो किंवा घशातला कफ मशीनने काढावा लागतो: ती साधने आणि प्रशिक्षित माणूस असलेली रुग्णवाहिका हवी.
- व्हेंटिलेटरवर आहे किंवा रक्तदाब औषधांच्या पंपावर टिकून आहे: डॉक्टर, मॉनिटर आणि व्हेंटिलेटर असलेलीच गाडी हवी. गाडीवर 'कार्डियाक' लिहिलेले पाहून थांबू नका. मशीन चालू आहे का आणि ते कोण चालवणार, हे विचारा.

ऑक्सिजनचा हिशेब

मध्यम आकाराच्या 'बी टाइप' सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 5 लिटर लागत असेल तर तो 5 तास पुरतो, 10 लिटर लागत असेल तर अडीच तास. वाटेतली कोंडी आणि दवाखान्याच्या दारातली वाट धरून दुप्पट वेळेची सोय ठेवा.

108 कधी?

अचानक धाप लागली, शुद्ध हरपली, तोंड वाकडे झाले, छातीत कळ आली, तर खासगी गाडी शोधत बसू नका. 108 ला फोन करा. सेवा मोफत आहे. पत्ता सांगताना शाळा, मंदिर, पाण्याची टाकी अशी खूण द्या. ठरलेल्या तपासणीसाठी मात्र ही गाडी मागवू नका. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तिची गरज असू शकते.

निघण्यापूर्वी

- नाकातील नळीतून दूध-पेज देत असाल तर निघण्याच्या तासभर आधी थांबवा. डॉक्टरांनी सपाट झोपवायला सांगितले नसेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवा, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती कमी होते.
- लघवीची पिशवी रिकामी करा आणि कमरेच्या खाली अडकवा, पोटावर ठेवू नका.
- प्रवास लांबला तर दर दोन तासांनी कूस बदला. पाठीच्या किंवा खुब्याच्या हाडाला इजा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- फाइल, चालू औषधे आणि रुग्णाला ओळखणारा एक माणूस सोबत हवा.
- परतीचे भाडे आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. पुढच्या दवाखान्यात बेड आहे का, तेही फोनवर विचारा.

शेवटी, जाण्याची खरोखर गरज आहे का, हेही आपल्या डॉक्टरांना विचारा. ड्रेसिंग किंवा लघवीची नळी बदलणे ही कामे बहुतेक वेळा प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन करू शकते. त्यासाठी बाबांना दीडशे किलोमीटरची ये-जा कशाला?