एकाचं ‘नाही’ पुरतं

स्वालबार्डहून परत आल्यापासून भेटेल तो मला दोन प्रश्न विचारतो. पांढरं अस्वल दिसलं का? आणि शिखर गाठलं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’. मग ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. एवढा खर्च, एवढी थंडी आणि हाती काय आलं? तुम्हालाही तसंच वाटलं असेल, तर पुढचं जरूर वाचा. कारण मी तिथून जे घेऊन आले, ते तुमच्याही घरात उपयोगी पडेल असं मला वाटतं.

कुठे आहे हे बेट?

नॉर्वेच्या उत्तर टोकापासून आणखी उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट म्हणजे स्पिट्सबर्गन. तिथलं मुख्य गाव लाँगयरब्येन 78 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हे गाव कोळशाच्या खाणींमुळे वसलं. पूर्वी खाणकामगार बूट दाराशी काढून ठेवत आणि ती पद्धत अजून टिकून आहे. अनेक हॉटेलांतही आत शिरताना बूट काढावे लागतात. आपल्याला त्यात नवल नाही, युरोपातल्या पाहुण्यांना मात्र वाटतं!

आपल्या देशाचं या बेटांशी नातंही आहे. 1920च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारत सुरुवातीपासून आहे. आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून न्यू-ऑलेसुंड या वस्तीत आहे. जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट ऑस्लोवरून जाते. त्यामुळे शेंगेन व्हिसा हवाच आणि तोही दोनदा प्रवेश करता येईल असा.

पट्टी लावून चढायचं

आम्ही इंदूरच्या दोघी, मी आणि माझी मैत्रीण. चाळिशीला टेकल्यावर औलीला सात दिवसांचा कोर्स केला, मग तीन हिवाळे गुलमर्गला गेलो. मैत्रिणीची पन्नाशी स्वालबार्डच्या शिखरावर साजरी करायची, असं ठरवून आम्ही पैसे साठवत होतो.

तिथे रोपवे नाही, तयार उतार नाहीत. स्की पायात घालूनच डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचं. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून सुलटा हात फिरवला तर तो सरकतो, उलटा फिरवला तर अडतो, तसंच हे काम करतं. पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. चढताना टाच मोकळी ठेवायची, उतरताना अडकवून टाकायची.

आम्ही सहा जण आणि एक गाइड. तंबू, स्टोव्ह, आठ दिवसांचं अन्न स्लेजवर लादून ती कमरेला बांधून ओढत नेली. मे महिना होता. तिथे एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो, तो ऑगस्टच्या तेविसाव्या तारखेच्या आसपासच पुन्हा मावळतो. रात्री दोन वाजताही गॉगल लावावा लागत होता.

रोज सकाळचा प्रश्न

प्रत्येकाच्या छातीवर एक ट्रान्सीव्हर बांधलेला असे आणि पाठीवरच्या पिशवीत फावडं व लांब शोधकाठी. हिमस्खलनात कोणी गाडलं गेलं, तर ट्रान्सीव्हरच्या सिग्नलवरून त्याला शोधायचं. शोध फार लवकर लागावा लागतो, कारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. हे भीती घालायला सांगितलेलं नव्हतं. 19 डिसेंबर 2015 रोजी लाँगयरब्येनमध्ये सुकरटॉपेन डोंगरावरचा बर्फ घरांवर कोसळला आणि दोघांचा जीव गेला. गावातच, घरात असताना.

गाइडचा एक नियम होता. रोज निघण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या उतारापूर्वी तो प्रत्येकाला विचारायचा, “जायचं का?” सुरुवात सगळ्यांत कमी अनुभव असलेल्यापासून, स्वतः शेवटी बोलायचा. कोणीही एक जण ‘नाही’ म्हणाला तर सगळे परतणार. कारण सांगायची सक्ती नाही.

पहिले चार दिवस आम्ही सगळेच ‘हो’ म्हणत होतो.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी तळासमोरचं सुमारे 900 मीटरचं शिखर चढत होतो. तोच मैत्रिणीचा वाढदिवस. शिखर दीडशे मीटरवर राहिलं होतं. मधे एक रुंद उतार होता, तीस अंशांहून जास्त तीव्र. हिमस्खलनं बहुधा अशाच उतारांवर होतात. गाइडने खड्डा खणून बर्फाचे थर तपासले. वरचा थर फरशीसारखा कडक आणि खाली रव्यासारखे सुटे दाणे असले की धोका, हे त्याने आम्हाला दाखवलं होतं. इथे दाणे होते, पण थोडे. त्याच्या मते एकेक करून जाता आलं असतं.

मग प्रश्न आला. चौघांनी ‘हो’ म्हटलं. माझी काठी बर्फात रुतताना आवाज जरा पोकळ येत होता. माथ्यावरून वारा बर्फ उडवून आमच्या बाजूला आणू लागला होता. याहून ठोस काही माझ्याकडे नव्हतं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “मला पुढे जावंसं वाटत नाही.”

गाइडने “बरं” म्हटलं आणि पट्ट्या काढायला घेतल्या. ना प्रश्न, ना समजावणं. आम्ही उतरलो. मैत्रीण तळापर्यंत एक शब्द बोलली नाही.

अस्वलाचा पहारा

तंबूभोवती तार बांधलेली असे. तिला धक्का लागला की आवाजाचा बार उडतो. शिवाय रात्रभर दोघांचा पहारा. पांढरं अस्वल दिसलं की गाइडला उठवायचं. मार्च ते जूनमध्ये अस्वलापासून किमान 500 मीटर दूर राहणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून दुर्बीण हातात आणि डोळे लांबवर.

त्या रात्री एक ते तीन आमची पाळी होती. समोर लख्ख उन्हात तेच शिखर. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “तुला नक्की काय दिसलं गं?”

“सांगता येण्यासारखं काहीच नाही.”

“मी ‘नाही’ म्हटलं असतं, तर तू परतली असतीस?”

“परतले असते. पण तुझ्यासारखीच रुसून.”

ती हसली. थर्मासमधला कोको तिने आधी माझ्या कपात ओतला.

तो उतार कोसळला का, असं तुम्ही विचाराल. नाही कोसळला. आम्ही निघेपर्यंत जसाच्या तसा होता. माझं ‘नाही’ बरोबर होतं याचा पुरावा मला मिळाला नाही आणि तो कधीच मिळणार नाही.

गाइडला मी नंतर विचारलं, “तू वाद का घातला नाहीस?” तो म्हणाला, “आज तुला कारण विचारलं, तर उद्या कारण सापडेपर्यंत तू गप्प बसशील.” इयन मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या 700 हून अधिक हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला आहे. धोक्याच्या खुणा समोर असूनही माणसं पुढे गेली, असं त्यात वारंवार दिसलं. म्होरक्याला कळत असेल, सगळे जात आहेत, इतक्या लांब आलो आहोत, अशी त्यामागची कारणं.

आपल्या घरात

ही कारणं ओळखीची वाटतात ना? आपल्या घरांतही ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे आधी पुरावा मागितला जातो. सून म्हणाली तर “का?”, मूल म्हणालं तर “तुला काय कळतं?” मग ती बोलायचीच थांबतात आणि आपण समजतो, सगळ्यांना पटलं.

सगळ्या बाबतींत हा नियम चालणार नाही. भाजी कोणती करायची यावर एकाच्या नकाराने घर थांबलं, तर उपाशीच राहावं लागेल! पण जिथे चुकलं तर भरून येणार नाही, तिथे तो लावून बघा. लहानापासून विचारा, मोठ्यांनी शेवटी बोला.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी आम्हाला गाडीने नागपूरला जायचं होतं. रात्री दहाला निघायचं ठरत होतं. आधी पंधरा वर्षांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “आत्ता नको.” त्याचे बाबा काहीतरी बोलणार होते, पण थांबले. आम्ही पहाटे पाचला निघालो. हळदीचा कार्यक्रम हुकला, जाऊबाई थोड्या नाराज झाल्या. रात्री निघालो असतो तर बहुधा काहीच झालं नसतं.

तरीही त्या रात्री सगळे शांत झोपलो.