‘हॅव’चा सातबारा

मराठीत ‘हॅव’ हे क्रियापद नाही. ही भाषेची उणीव म्हणावी की श्रीमंती, हा वाद भाषाशास्त्र्यांनी घालावा. इंग्रजी शिकवणाऱ्याला ती रोज सकाळी फळ्यासमोर भेटते. ‘आय हॅव अ पेन’ हे वाक्य पोरे पाचवी-सहावीतच पाठ करून टाकतात आणि त्यात काही अवघड आहे असे कुणाला वाटत नाही. मात्र तेच पोर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला येते तेव्हा ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ लिहिते, आणि आपण त्याला चूक म्हणतो खरे, पण ती कुठून आली हे सांगत बसत नाही.

आम्ही नगरजवळच्या केडगावात इंग्रजीचे वर्ग घेतो. हे केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे दौंडजवळचे केडगाव नव्हे. दोन्हींची गल्लत नेहमी होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे. आमचे केडगाव नगर-पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे. नगरची 2003 साली महानगरपालिका झाली, जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, आणि या सगळ्या काळात केडगावच्या शेतांचे तुकडे पडून त्यांचे प्लॉट होत राहिले. हे शेवटचे व्याकरणाच्या लेखात कशासाठी, ते पुढे येईल.

मालकी सांगायला मराठी ‘असणे’ हे क्रियापद वापरते, आणि असणाऱ्या वस्तूचे आपल्याशी नाते काय ते पाहून विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय निवडते. ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत.’ ‘तिच्या अंगी धीर आहे.’ ‘घराला दोन दारे आहेत.’ ‘आमची तीन एकर जमीन आहे.’ इंग्रजीत या पाचही ठिकाणी एकच ‘हॅव’ बसते. मराठीत मात्र रक्ताच्या नात्याला ‘ला’ लागतो, खिशातल्या पैशाला ‘जवळ’, गुणाला ‘अंगी’ आणि जमिनीला षष्ठी. अदलाबदल करून पाहा. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे कुणी म्हटले, तर ते सुटीला राहायला आले असावेत असे वाटते. ‘माझ्याकडे तीन एकर आहे’ असे शेतकरीही म्हणतो, नाही असे नाही. तरी ते वाक्य ऐकताना आमचा कान जरा थबकतो, कारण जागेचे व्यवहार करणारा एजंट नेमके हेच वाक्य बोलतो. त्याच्याकडे जमीन आलेली असते, तशीच ती जायचीही असते. ‘आमची’मध्ये हे येणे-जाणे नाही.

कर्त्याच्या जागी माणूस नसून वस्तू आहे, हीही यातली गोष्ट. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ‘आहेत’ भावांशी जुळते, माझ्याशी नाही. मी नुसता चतुर्थीत उभा. इंग्रजीत मी कर्ता होतो आणि भाऊ माझे कर्म. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त याने 1960 साली ‘असणे’ आणि ‘बाळगणे’ या दोन क्रियापदांवर लिहिताना दाखवले, की ‘हॅव’ हे दिसते सकर्मक, पण ते एक अवस्था सांगते, कृती नव्हे. ‘कुणाला तरी असणे’ हेच उलटे करून ते बनलेले आहे. जगातल्या पुष्कळ भाषा मराठीसारख्याच चालतात, ‘हॅव’वाल्या भाषा त्या मानाने थोड्या. आमच्या वर्गात हे सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर एक बारीकसे समाधान दिसते. आपल्याला येत नाही ती गोष्ट जगाच्या दृष्टीने जरा विचित्रच आहे, हे कळल्याचे समाधान.

आता काळांकडे वळू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपल्याकडे वाक्यासमोर वाक्य ठेवून इंग्रजी शिकवण्याची रीत रुजली. रीत वाईट नव्हती, तिने पिढ्या शिकवल्या. पण तिच्यातून मुलांच्या मनात एक बरोबरीचे चिन्ह कायमचे बसते: ‘आहे’ म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, ‘होता-होती-होते’ म्हणजे ‘हॅड’, ‘असेल’ म्हणजे ‘विल हॅव’. साध्या वाक्यांत हे चिन्ह टिकते. ‘हॅव हॅड’पाशी ते मोडते.

‘ही जमीन तीन पिढ्यांपासून आमची आहे.’ मराठीला इथे साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘पासून’ने मागचा काळ सांगितला, ‘आहे’ने आजचा. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ एवढे ओझे उचलत नाही. त्या भाषेत ‘वी हॅव हॅड धिस लँड फॉर थ्री जनरेशन्स’ म्हणावे लागते. मुले ‘वी हॅव धिस लँड सिन्स थ्री जनरेशन्स’ लिहितात, शिक्षक ‘सिन्स’ कापून ‘फॉर’ करतो, ‘हॅव’पुढे ‘हॅड’ घालतो आणि पुढच्या वहीकडे वळतो.

एकदा अशीच एक वही दुरुस्त होऊन परत गेली आणि तास संपल्यावर ती मुलगी पुढे आली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची, घरची शेती, नेप्तीच्या उपबाजारात कांदा नेणारे कुटुंब. स्वतःच्या घराविषयी दहा वाक्ये लिहायला सांगितली होती.

“सर, इथे ‘हॅड’ नको.”

“का?”

“जमीन आहे ना अजून आमची.”

आम्ही सांगितले की हे ‘हॅड’ भूतकाळाचे नव्हे, हे धातुसाधित आहे. ‘गो’ची रूपे ‘वेंट’ आणि ‘गॉन’ अशी वेगळी आहेत, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. ‘हॅव’ची दुसरी आणि तिसरी रूपे दिसायला एकच. तिने ऐकून घेतले. मग विचारले, “वाचणाऱ्याला कसे कळणार यातला कोणता ‘हॅड’ आहे?” आम्ही म्हणालो, आधी ‘हॅव’ आहे त्यावरून. ती वहीकडे पाहत म्हणाली, “म्हणजे पुढचा ‘हॅव’ गेला की जमीन गेली.”

पूर्ण वर्तमानकाळाची याहून नेमकी व्याख्या आम्ही कुठल्याही व्याकरणात वाचलेली नाही. ‘वी हॅड धिस लँड फॉर थ्री जनरेशन्स’ म्हणजे होती, गेली. ‘वी हॅव हॅड’ म्हणजे होती, आहे. बोलताना तर तो ‘हॅव’ आक्रसून नुसता एक ‘व्ह’ उरतो, कानाला जेमतेम लागणारा. तिच्या शेताच्या दोन्ही बाजूंना खडी टाकून रस्ते आखले गेले होते आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्या लागल्या होत्या. अशा जागी राहणाऱ्या माणसाने ‘हॅड’ या शब्दाला बिचकावे, यात नवल नाही.

त्या पाटीवरही जरा थांबायला हवे. ‘विकणे आहे.’ कोण विकतो? कुणाला विकायचे आहे? वाक्याला कर्ता नाही, चतुर्थीतला माणूसही नाही. फक्त क्रिया आणि तिचे असणे. इंग्रजीत ‘वी हॅव लँड टु सेल’ आणि ‘वी हॅव टु सेल लँड’ यांत एका शब्दाची जागा बदलते आणि आयुष्य बदलते. पहिल्यात विकण्याजोगी जमीन आहे, दुसऱ्यात विकण्यावाचून गत्यंतर नाही. इतिहासात दुसरी रचना पहिलीतूनच निघाली. करायचे काम ‘जवळ असणे’ यातून ते ‘करावे लागणे’ आले. मराठीतही ‘मला जायचे आहे’मध्ये ‘मला दोन भाऊ आहेत’चाच सांगाडा आहे, फक्त सक्ती सांगायची तर आपण ‘लागणे’ आणतो: विकावी लागली. ‘विकणे आहे’ या पाटीवरून मात्र हौस की नड ते कळत नाही. कळू नये अशीच तिची रचना असावी.

‘हॅव’चा पूर्णकाळाशी संबंध कसा जडला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही, भाषाशास्त्राच्या पेपरात ढकलले जाते. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेले’ अशा अर्थाची रचना होती. ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण, त्याचे रूप पत्राप्रमाणे बदलणारे. हळूहळू ते विशेषण क्रियापदाला चिकटले आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ असा अर्थ झाला. म्हणजे इंग्रज माणूस केलेल्या कामाकडेही मिळकतीच्या नजरेने पाहतो, असे विनोदाने म्हणता येईल. विनोदानेच, कारण आपलेही घर त्यापासून फार लांब नाही. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने कविता लिहिली’. क्रियापद कर्माप्रमाणे फिरते, कर्ता तृतीयेत. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शाळेतल्या पुस्तकापर्यंत सगळे याला कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘मी पत्र लिहिले’मधला ‘मी’ देखील मुळात प्रथमेचा नव्हे. जुन्या मराठीत तिथे ‘म्यां’ होते, संस्कृत ‘मया’चे वंशज. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात 1290 साली सांगितली गेली ते आमच्याच जिल्ह्यातले. तिथल्या मराठीत हा ‘माझ्याकडून’ अजून उघडा दिसत होता. आज तो ‘मी’च्या पोटात दडला आहे. दुसऱ्या एका निबंधात, 1952 साली, बेनव्हेनिस्तने दारयवहूच्या प्राचीन पारसी शिलालेखांतली ‘मना कर्तम्’ ही रचना घेऊन असा युक्तिवाद केला, की ती ‘माझ्याकडून केले गेले’ अशी कर्मणी नसून ‘माझे केलेले आहे’ अशी, म्हणजे ‘हॅव’च्याच जातीची आहे. मराठीच्या ‘म्यां केले’ला हे लागू करावे काय? रूप तृतीयेचे आहे, त्यामुळे सरसकट करता येणार नाही. पण वर्गात ही दोन वाक्ये शेजारी मांडली की ‘आय हॅव रिटन’ परके वाटेनासे होते, हा आमचा अनुभव. नियम पाठ करून घेण्यापेक्षा या वाटेने वेळ जास्त लागतो, आणि परीक्षेत ‘गाळलेल्या जागा भरा’ विचारतात, तिथे तिचा उपयोग शून्य. तरी आम्ही त्या वाटेने जातो.

(‘आय अॅम हॅविंग फीव्हर’चे काय, असे कुणी विचारेल. ताप अवस्था आहे, जेवण कृती आहे. म्हणून ‘आय अॅम हॅविंग लंच’ चालते आणि तापाचे चालत नाही. एवढ्यावर हा विषय आटोपता येतो.)

त्या मुलीच्या वहीत आणखी एक वाक्य होते, ज्यात दुरुस्तीला जागा नव्हती: ‘माय आंट हॅड अ शेअर इन इट.’ आत्याचा हिस्सा होता. लग्नानंतर काही वर्षांनी आत्याने हक्कसोडपत्र करून दिले. आपल्याकडे बहुतेक आत्या देतात. वाक्य बरोबर, काळ बरोबर. आम्ही खूण करून पुढे गेलो होतो. तीच म्हणाली, की माझे काय लिहायचे? ‘आय हॅव’ की ‘वी हॅव’?

हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही लढवला गेला आहे, आणि तिथेही तो काळाचाच होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 साली त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती केली. केंद्राने ती 9 सप्टेंबर 2005 पासून सगळ्या मुलींना लागू केली. मग वाद असा निघाला, की त्या दिवशी वडील हयात नसतील तर मुलीला हक्क आहे काय? म्हणजे हक्क त्या दिवशी ‘आला’, की तो पूर्वीपासून ‘आहे’? विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने सांगितले, की हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. आम्ही हे तिला शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले आणि म्हटले, इंग्रजीत याला ‘आय हॅव हॅड अ शेअर सिन्स बर्थ’ म्हणता येईल. ‘सिन्स’ इथे चालतो, कारण जन्म हा एक क्षण आहे.

तिने ते लिहून घेतले. पण समाधान झालेले दिसले नाही. दुसऱ्या दिवशी ती सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन आली. सातबाऱ्यात क्रियापद नसते. गट नंबर, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव. कुणाचे काय ‘आहे’ असे एकही वाक्य नाही. भूतकाळ मात्र असतो. ज्याचा हक्क गेला त्याच्या नावाला कंस पडतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. पणजोबा कंसात, आजोबा कंसात, आत्या कंसात. कंसाबाहेर वडील आणि काका.

“हे कंस इंग्रजीत कसे लिहायचे?”

“‘हॅड’,” आम्ही म्हणालो.

तिने आत्याचे वाक्य तसेच ठेवले. मग स्वतःच्या पहिल्या वाक्याकडे गेली, कंसाबाहेरच्या नावांवरून एकदा बोट फिरवले आणि ‘वी’ खोडून ‘माय फादर अँड माय अंकल’ लिहिले. ‘हॅव’ तसाच राहिला, अनेकवचनामुळे तो बदलावा लागला नाही. खालच्या ओळीवर ‘आय’ लिहून ती थोडा वेळ थांबली, आणि पुढे ‘हॅव हॅड’ लिहिताना या खेपेला तिने काही विचारले नाही.