नदीशी पैज

बेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा समुद्र, नारळाची झाडं आणि एकटा रॉबिन्सन क्रूसो! माझंही तसंच होतं. सातवीच्या सुट्टीत ती गोष्ट वाचली आणि एक दिवस तरी बेटावर एकट्यानं राहायचंच, असं मी ठरवून टाकलं. पण उंब्रजला समुद्र कुठून आणायचा? आमच्याकडे आपल्या दोन नद्या, कृष्णा आणि तारळी.

बेट सापडलं ते मामाच्या गावी, वाळवा तालुक्यातल्या बहे इथे. तिथे कृष्णेच्या ऐन पात्रात रामलिंगाचं बेट आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, तसाच एक या बेटावर. राम पूजेला बसले असताना कृष्णेला पूर आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी थोपवलं, नदी दुभंगली आणि मधे बेट झालं, अशी कथा सांगतात.

"दिवस मावळेपर्यंत एकटा राहून दाखव, माझा भोवरा तुझा!" मामेभाऊ म्हणाला.

मामानं एकच अट घातली. "पाण्यात उतरायचं न्हाई. आन् काठाला एक काठी रोव. पाणी काठीला लागलं, की गुमान माघारी यायचं."

सकाळी खडकांवर पाय देत बेटावर गेलो. पूजा आटोपून पुजारी निघून गेले आणि मी बेटाचा राजा झालो! खंड्यानं सूर मारून मासा पकडला, तो पाहिला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दहा वाजताच संपवली. मग मात्र वेळ जाईना. दुपारी पान सळसळलं तरी छाती धडधडायची. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खराखुरा खलाशी १७०४ पासून चार वर्षांहून जास्त काळ पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर एकटा होता. इथे माझे चार तास सरता सरत नव्हते!

तीनच्या सुमाराला काठीकडे लक्ष गेलं. सकाळी ती पाण्यापासून हातभर लांब होती. आता पाणी तिला चाटत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, मग पाणी आलं कुठून? भोवऱ्याचा मोह सुटेना. पण मामाचा शब्द आठवला आणि निघालो. येताना कोरडे असलेले खडक आता घोट्याएवढ्या पाण्यात होते.

"हरलास!" मामेभाऊ ओरडला.

मामा म्हणाला, "कराडला कोयना कृष्णेला मिळती. वर धरणातनं शेतीला पाणी सोडलं, की भर उन्हाळ्यात बी नदी चढती. पोरा, माणसाशी पैज लावावी, नदीशी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं काठावर गेलो. माझी काठी कुठेच दिसत नव्हती. मामेभावानं गुपचूप खिशातून भोवरा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.